सिंहगडाच्या आडोशाला: प्रस्तावना

पुणे जिल्ह्यात टीव्ही आला तो सिंहगडावरून. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. टॉवरला जागा उत्तम मिळाली होती. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच, आणि ईशान्येला सगळे पुणे शहर उघड्यावर. पण शहराकडे पाठ करून नैर्ऋत्येला पाहिले तर समोर राजगड, त्याच्या शेजारी तोरणा, आणि तोरणा तर सिंहगडाहूनही शंभरेक मीटर उंच. वेल्हे गाव या टॉवरपासून सरळ रेषेत पंधराएक किलोमीटरच असेल, पण मध्ये डोंगराच्या धारा आहेत. तोरण्यामागचे वेळवंडीचे खोरे आणि भोरच्या पश्चिमेचा हिरडस मावळ तर आणखीच आडोशाला. टीव्हीची लाट बरीचशी सरळ जाते. डोंगराच्या धारेवरून ती थोडी वाकते खरी, पण वाकताना क्षीण होते. म्हणून जिल्ह्याचा टीव्ही टॉवर ज्यांच्या उशाशी, त्यांच्याच पडद्यावर मुंग्या.

हे पुस्तक कॉम्प्युटरवर टीव्ही पाहण्याच्या आणि साठवून ठेवण्याच्या यंत्रांविषयी आहे. त्याची सुरुवात भोर-वेल्ह्याच्या डोंगरांपासून करण्याचे कारण एवढेच, की या यंत्रांचा इतिहास सहसा शहरात बसून सांगितला जातो. अमुक साली अमुक चिप आली, मग तमुक कंपनीचे कार्ड, मग यूएसबी, मग इंटरनेट. त्या सांगण्यात सिग्नल गृहीत धरलेला असतो. तो भिंतीतल्या वायरीतून येतोच. जिथे तो गृहीत धरता येत नाही तिथून पाहिले की याच इतिहासाचे सांधे वेगळ्या जागी दिसतात. ट्यूनर कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसवून त्यावर टीव्ही दाखवणारे कार्ड, जुने झाले म्हणून गेले, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. कार्ड चांगले चालत होते. सिग्नलला कुलूप लागले म्हणून ते गेले. कोणते यंत्र प्रेक्षकाच्या हातात किती सत्ता देते, हे यंत्राच्या हुशारीपेक्षा त्या कुलपावर ठरत आले आहे, आणि पुढची प्रकरणे याच अंगाने लिहिली आहेत.

आधी खोऱ्यातल्या चित्राबद्दल थोडे सांगायला हवे, कारण कार्डांची पहिली फजिती तिथेच झाली. डोंगराळ भागात अँटेनाला दोन लाटा मिळतात: एक टॉवरकडून आलेली, दुसरी मागच्या कड्यावर आपटून परतलेली. परतलेली लाट तीनशे मीटर जास्त फिरून आली तर तिला एक मायक्रोसेकंद उशीर होतो. पडद्यावरची एक ओळ रेखाटायला टीव्हीला ५२ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे चाळीस सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर माणसाशेजारी पाऊण सेंटिमीटर सरकलेला त्याचा फिका जुळा भाऊ उभा राहतो. अँटेनाचा पाइप फिरवत ‘आता दिसतंय का?’ म्हणून ओरडणारे घरातले पोर खरे तर या दोन लाटांचा निवाडा करत असे. टीव्हीच्या संचाला असले सिग्नल चालत. मुंग्यांतून, सावल्यांतून तो काहीतरी दाखवत राही आणि डोळे उरलेले भरून काढत. कॉम्प्युटरमधले कार्ड याबाबत फार हट्टी निघाले. सिग्नल जरा घसरला की बरीचशी सॉफ्टवेअर चित्र दाखवायचेच सोडून सरळ निळा पडदा टाकत. त्यातून कॅबिनेटच्या आत प्रोसेसर, पॉवर सप्लाय आणि पंखा यांचा विद्युत गोंगाट वेगळाच. ज्या घरात टीव्हीवर बातम्या कशाबशा दिसत, त्याच अँटेनाची वायर कार्डाला लावली की काहीच दिसत नसे. दुकानदार म्हणे कार्ड चांगले आहे, आणि त्याचे खरेच असे.

साठवण्याची गोष्ट त्याही आधी सुरू होते. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आणि त्यापाठोपाठ व्हीसीआर आले, आणि महाराष्ट्रात गावोगावी गणपतीत, जत्रेत, लग्नघरी व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर लावायची रीत पडली. या यंत्राला रेकॉर्डिंगचे बटण होते, पण भाड्याच्या यंत्रावर ते दाबायचे कुणाच्या मनातही येत नसे. व्हीसीआर आपल्याकडे मुख्यतः दाखवण्याचे यंत्र राहिला. अमेरिकेत मात्र याच बटणावरून खटला झाला आणि जानेवारी १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीच्या बाजूने निकाल दिला: सवडीने पाहण्यासाठी घरी कार्यक्रम टेप करणे गुन्हा नाही. पुढची सगळी घरगुती रेकॉर्डिंगची यंत्रे या निकालाच्या सावलीत वाढली.

कॉम्प्युटर आणि टीव्ही यांची पहिली ओळख उलट बाजूने झाली. ऐंशीच्या दशकातले स्पेक्ट्रमसारखे घरगुती कॉम्प्युटर टीव्हीलाच पडदा म्हणून जोडत. नंतर कॉम्प्युटरला स्वतःचा मॉनिटर मिळाला आणि दोघांची भाषा वेगळी झाली. आपल्याकडचे पाल पद्धतीचे चित्र ६२५ ओळींचे, सेकंदाला पंचवीस. म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. व्हीजीए मॉनिटर सुमारे ३१,५०० च्या खाली ऐकायलाच तयार नाही. हे अंतर मिटवणे हे कोणत्याही ट्यूनरचे पहिले काम.

दुसरे काम आकाराचे होते. पालचे एक चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे. ठिपक्याला दोन बाइट धरले तर सेकंदाला वीस मेगाबाइटांहून जास्त, तासाला पाऊणशे जीबी. नव्वदच्या दशकात घरच्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्क दोन-चार जीबीची असे. तेव्हा साठवणे सोडाच, नुसते दाखवणेही प्रोसेसरच्या आवाक्याबाहेर होते. १९९६ च्या सुमारास ब्रुकट्रीच्या बीटी ८४८ चिपने यातून पळवाट काढली. ती चित्राचे आकडे प्रोसेसरला दाखवायचीच नाही. पीसीआय मार्गावरून थेट ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत नेऊन ठेवायची. प्रोसेसरला पत्ता नाही आणि खिडकीत टीव्ही चालू. त्या काळात चालत्या टीव्हीचा स्क्रीनशॉट घेतला की खिडकीच्या जागी नुसता गुलाबी किंवा काळा चौकोन येई, त्याचे कारण हेच. विंडोजला तिथे टीव्ही आहे हे माहीतच नव्हते!

या चिपवर आणि तिच्या पुढच्या भावंडांवर जगभर शेकडो कार्डे निघाली. हॉपॉगचे विनटीव्ही, पिनॅकल, पिक्सेलव्ह्यू, लीडटेक, आणि खोक्यावर नुसते ‘टीव्ही कार्ड’ लिहिलेली बेनामी. पुण्यात ती मिळायची तपकीर गल्लीत. भोरचा माणूस सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरून, गल्लीत भाव करून, संध्याकाळी कार्ड घेऊन परत येऊ शकत असे. बेनामी कार्डांची पंचाईत लिनक्सवाल्यांना जास्त. त्यांच्या ड्रायव्हरला कार्डाचा नंबर स्वतः सांगावा लागे आणि त्या नंबरांची यादी पुढे दीडशेच्या वर गेली. अंदाजाने एकेक नंबर टाकत आवाज येईपर्यंत बसायचे.

आवाजावरून आठवले. पूर्वेकडून आलेल्या कित्येक खोक्यांत चित्र लख्ख दिसे आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. ग्राहक खोका परत घेऊन येई. खराबी काही नसे. भारतात चित्र आणि आवाज यांच्या लहरींत साडेपाच मेगाहर्ट्झचे अंतर असते, चीनमध्ये साडेसहाचे. सेटिंगमध्ये देश बदलला की खोका बोलू लागे. एवढी माहिती खोक्याबरोबरच्या कागदावर मोठ्या अक्षरात छापली असती तर अनेक दुकानदारांचे शाप वाचले असते.

खोका म्हणजे बाहेरून जोडायचा टीव्ही बॉक्स. कार्डांचा इतिहास लिहिणारे त्याला फारसे मोजत नाहीत, पण आपल्याकडे कार्डाइतकाच, किंबहुना जास्तच खपला असेल तर तो. मॉनिटरची वायर या बॉक्समधून जाई. रिमोट दाबला की सीपीयू बंद असतानाही मॉनिटरवर टीव्ही. पुण्यात शिकायला आलेल्या पोरांच्या खोल्यांत दुसरा संच घेण्याची ऐपत नसे, जागाही नसे. एक पंधरा इंची मॉनिटर दिवसा प्रोजेक्ट दाखवी आणि रात्री क्रिकेट. भोरसारख्या तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर घराघरांत पोचू लागला तो साधारण याच काळात, एमएस-सीआयटीच्या क्लासांच्या लाटेबरोबर, आणि कॉम्प्युटर घ्यायला वडिलांना राजी करताना ‘यावर टीव्ही पण दिसतो’ हे वाक्य पोरांच्या फार उपयोगी पडले.

या बॉक्सला रेकॉर्ड करता येत नसे. ते कार्डाचे काम, आणि तिथे कार्ड खरोखर वेगळे काहीतरी करत होते. सुरुवातीला व्हीसीडीच्या मापाचे, ३५२ बाय २८८ चे लहान चित्र, एका सीडीवर तासभर. मग चित्र स्वतःच आवळून देणारी एमपेग-२ ची कार्डे आली. डिस्क फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर फाइल चार जीबीला थडकून थांबे आणि सामन्याची शेवटची षटके हमखास गायब होत. अमेरिकेत १९९९ मध्ये टीव्हो आला, २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने मीडिया सेंटर काढले, त्याच वर्षी लिनक्सवर मिथटीव्हीचे काम सुरू झाले. ही सगळी मंडळी कार्यक्रमाच्या नावाने रेकॉर्ड करत. आपण घड्याळाने करत होतो. पाच मिनिटे आधी लावायचे, दहा मिनिटे नंतर थांबवायचे, आणि बाकी महावितरणवर सोडायचे. त्या दशकात ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. वेळापत्रक लावून ठेवलेला कॉम्प्युटर ऐन वेळी अंधारात बसलेला सापडे.

तरीही लोक साठवत होते, आणि हे साठवणे हौसेपुरतेच राहिले नाही. दूरदर्शनच्या पहिल्या काळात टेप महाग होती. एकाच टेपवर पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग होई, आणि त्यामुळे सुरुवातीचे कितीतरी मराठी कार्यक्रम आज कुठेच नाहीत. हे आपल्याच दारिद्र्याचे लक्षण समजू नये. बीबीसीनेही ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले भाग पुसून टाकले. त्या हरवलेल्या भागांचा आवाज आज शिल्लक आहे तो टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या चाहत्यांमुळे. प्रसारण करणाऱ्याची कपाटे प्रसारणाच्या गरजेपुरती असतात. प्रेक्षकाच्या कपाटाला वेगळी कारणे असतात: गावचा माणूस मुलाखतीत दिसला, ‘आमची माती आमची माणसं’मध्ये आपल्याकडच्या भाताची चर्चा झाली.

मग कुलूप आले. २०११ च्या केबल टीव्ही दुरुस्ती कायद्याने केबल डिजिटल करायची ठरली. पुणे दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ ही मुदत. ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात, मार्च २०१७. केबलवाल्याकडून येणारे सगळे चॅनेल आता सांकेतिक रूपात येऊ लागले आणि ते उलगडण्याची किल्ली सेट-टॉप बॉक्समधल्या कार्डात गेली. ट्यूनर कार्डाच्या मागचे पिवळे भोक तेवढे उरले. बॉक्समधून निघालेले चित्र त्यातून आत घेता येई, पण चॅनेल बदलणे आता कार्डाच्या हातात नव्हते. ज्या यंत्राची सगळी करामत शंभर चॅनेलांतून हवे ते उचलण्यात होती, ते एका बॉक्सच्या तोंडाला लावलेले भांडे झाले. पुढे पिवळ्या वायरीची जागा एचडीएमआयने घेतली आणि तिच्यात नक्कल रोखणारी व्यवस्था मुळातच होती. रेकॉर्डिंगची सोय असलेले डीटीएचचे बॉक्स २००८ पासून मिळू लागले. त्यांत साठवलेला कार्यक्रम त्याच बॉक्समध्ये चाले. डिस्क काढून दुसरीकडे लावली तर नाही. मोबाइलवरच्या ‘डाउनलोड’ची जात हीच, फक्त तिला मुदतही असते.

इथे खोऱ्यांची गोष्ट पुन्हा वर येते. केबल वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांपर्यंत फारशी गेलीच नव्हती. वायरीत सिग्नल विरतो, ठरावीक अंतरावर अँप्लिफायर लावावा लागतो, त्याला वीज लागते, आणि २०११ च्या जनगणनेत जेमतेम ५५ हजार लोकसंख्येच्या, तीही डोंगरभर विखुरलेल्या तालुक्यात दहा घरांसाठी हे कोण करणार? तिथे अँटेनानंतर थेट छत्री आली. डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीने डीडी डायरेक्ट प्लस सुरू केले, आजचे डीडी फ्री डिश. महिन्याचे भाडे नाही, आणि त्यातले बरेच चॅनेल कुलपाशिवाय.

हा सिग्नल खोऱ्यात कसा उतरला ते पाहण्यासारखे आहे. फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा असतो. भोर १८ अंश उत्तरेला, जवळजवळ ७४ अंश रेखांशावर. हिशेब केला तर छत्रीला आग्नेयेकडे तोंड करून क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर पाहावे लागते. सिंहगडाचा टॉवर क्षितिजाला चिकटून होता म्हणून एक धार आडवी आली तरी पुरे होई. एकोणसाठ अंशांवर असलेल्याला अडवायला डोंगर अगदी अंगावर आलेला कडाच असावा लागतो. वेळवंडीच्या काठी, हिरडस मावळात, जिथे लोक अँटेनाला बूस्टर लावून थकले होते तिथे साठ सेंटिमीटरच्या पत्र्याने काम झाले. पावसाळा सोडून. या वारंवारतेला जोरदार पाऊस सोसत नाही, आणि पश्चिम वेल्ह्यात जुलैत दुसरे काही नसते. जुन्या चित्राला मुंग्या येत, नवे चौकोनांत गोठते, आणि कथेचा धागा कुठे तुटला तेही कळत नाही.

आणि इथे कार्ड पुन्हा जिवंत होते. उपग्रहाचे सिग्नल घेणारी डीव्हीबी-एस कार्डे, टेक्नीसॅटची स्कायस्टार-२, पुढे टीबीएसची, कॉम्प्युटरला लावली की छत्रीतून आलेले आकडे जसेच्या तसे डिस्कवर जातात. पुन्हा आवळणे नाही, दर्जा घसरणे नाही. प्रसारणात चॅनेलला सेकंदाला अडीच मेगाबिट मिळत असतील तर तासाभराची फाइल सव्वा जीबीच्याही आत. कुठे ते पाऊणशे जीबी! शिवाय उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरवर जे डझनभर चॅनेल एकत्र येतात ते एकाच कार्डाने एकाच वेळी साठवता येतात, कारण कॉम्प्युटरच्या दृष्टीने तो एकच प्रवाह आहे. डीटीएचच्या महागड्या बॉक्सला जे जमत नव्हते ते फुकटच्या छत्रीने आणि जुन्या कॉम्प्युटरने जमते. हे करणारे लोक मात्र थोडे. मला हा या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित कोपरा वाटतो, आणि पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण त्यामुळेच त्याला दिले आहे.

जमिनीवरच्या डिजिटल प्रसारणाचे प्रकरण त्यामानाने आखूड आहे. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये सोळा शहरांत डीव्हीबी-टी२ सुरू केले. महाराष्ट्रात मुंबई आणि औरंगाबाद. मोबाइलला लावायचे डोंगल त्यासाठी बाजारात आले आणि विसरले गेले. जुने अ‍ॅनालॉग टॉवर २०२२ पर्यंत मोजके सोडून बंद झाले. युरोपच्या आधीच्या पद्धतीसाठी बनलेले रिअलटेक चिपचे स्वस्त यूएसबी डोंगल भारतात टीव्हीसाठी निरुपयोगीच होते, पण २०१२ मध्ये लक्षात आले की ते कच्चे रेडिओ सिग्नल कॉम्प्युटरला देऊ शकते, आणि तेव्हापासून हौशी लोक त्यावर एफएमपासून विमानांच्या १,०९० मेगाहर्ट्झच्या संदेशांपर्यंत काहीबाही ऐकत असतात. टीव्हीसाठी जन्मलेल्या यंत्राला दुसरीकडेच नोकरी लागल्याचे हे एकमेव उदाहरण नाही. व्हीएचएसवरचे चित्र कॉम्प्युटरवर नेणारी स्वस्त यूएसबी कॅप्चर पट्टी आज मुख्यतः लग्नाच्या कॅसेटींवर जगते.

काही गोष्टी पुस्तकात मुद्दाम घेतलेल्या नाहीत. सांकेतिक चॅनेल चोरून उलगडणाऱ्या कार्डांचा धंदा एकेकाळी मोठा होता. त्यातले तंत्र रंजक असले तरी इथे दिलेले नाही. कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या वंशावळीही गाळल्या आहेत. मॉडेलांची नावे बाजारात बोलली जात तशीच ठेवली आहेत.

प्रकरणे क्रमाने वाचायची गरज नाही. ज्यांच्या घरी छत्री आहे त्यांनी उपग्रहाचे प्रकरण आधी वाचावे. ज्यांच्या माळ्यावर ट्यूनर कार्डासकट जुना कॉम्प्युटर पडून आहे त्यांनी शेवटचे. त्यात आयडीईची रुंद पट्टीवाली डिस्क आजच्या कॉम्प्युटरला यूएसबी अडॉप्टरने कशी जोडायची, फॅट-३२ ने तुकडे केलेल्या फाइली कशा सांधायच्या आणि कोणते जुने स्वरूप कशात उघडते ते दिले आहे. डिस्क फिरली तर आधी सगळ्याची नक्कल काढावी, त्यात काय आहे ते नंतर पाहावे.